आधी थंड होऊ दे

"आधी थंड होऊ दे," बाबा म्हणाले.
मला की गाडीला, कळलं नाही.
रात्री आमचं वाजलं होतं, तिच्याच विक्रीवरून.
लिंझहून येतानाच मी गिऱ्हाईक ठरवून आले होते,
नोवी सादचा कुणी दातांचा डॉक्टर,
जुन्या फिचा जमवायचा नाद असलेला.
दुपारी बाराला पोचणार होता.
आणि बाबांनी सकाळीच तिला
पावाच्या दुकानापर्यंत फिरवून आणलेलं.

लीमवरचं धुकं अंगणात शिरलं होतं.
पाठीत इंजिन वागवणारी आमची फिचा
मागचं झाकण उघडून उभी,
झ्लातिबोरचा चढ चढायची तशीच:
झाकणाखाली काठी,
आत आई, मांडीवर पाण्याचा कॅन,
आणि मी खिडकीतून मागे बघत, वाफ दिसते का.

"ये. दाब."
वरचा पाईप दोन बोटांत धरला.
बरा वाटतोय, म्हटलं.
"मधे सगळेच बरे असतात.
क्लिपजवळ दाब."
तिथे तो झाडाखाली पडून राहिलेल्या आलुबुखारासारखा;
बोट आत गेलं
आणि खळगा तसाच राहिला.
खालचा उलट, वाळक्या पावाइतका कडक,
वाकवला तर भेगा उघडल्या.

तळाची तोटी सोडली. हिरवट पाणी
आईच्या जॅमच्या परातीत.
बाबांनी लगेच वर फळी टाकली:
"गोड लागतं. मांजर पिईल आणि मरेल."
रात्री मला न विचारता उठून गेलेला माणूस
शेजारणीच्या मांजराचा विचार करत होता.

क्लिप निघाली, पाईप निघेना.
मी ओढायला लागले. "ओढू नकोस!
पितळेचं तोंड आहे, कागदाएवढं पातळ.
पिळ. नाही पिळवत तर काप, उभा."
सुरी फिरली. आतून रबराचे पापुद्रे सुटलेले,
काळं पीठ माझ्या नखांत.
"दुपारी ती दुसऱ्याची होणार, बाबा.
त्याने बदलले असते."
"म्हणून तर," ते म्हणाले,
आणि पितळ कानशीच्या कागदाने घासत राहिले,
गरजेपेक्षा बराच वेळ.

नवा पाईप तळघरातून आला,
वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळेमागून,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
वर्तमानपत्रावरचं वर्ष मी वाचलं, बोलले नाही.
तोंडाला भांड्यांचा साबण लावून
त्यांनी तो सरकवला
आणि रेडिएटरमध्ये डोकं घालून, रेडिएटरलाच सांगितलं,
"रात्री मी जरा जास्तच बोललो."
"क्लिप सरळ धरा," मी म्हणाले.
त्यांनी सरळ धरली.

मग इंजिन चालू, टोपण उघडं.
मी पाईप दाबत सोडत होते,
बुडबुडे वर येत होते, एक, मग कितीतरी,
मग नाही.
पाण्याची पातळी एकदम खाली गेली
आणि बाबा हसले: "बघ, किती हवा भरली होती."

डॉक्टर सव्वा वाजता आला.
बाबांनी पैसे मोजले नाहीत,
आधी त्याचा स्वच्छ हात धरून इंजिनापाशी नेला:
"दाब. क्लिपजवळ."
तो हिरडी तपासावी तसा दाबत गेला.
"शंभर किलोमीटरला पुन्हा आवळायची."
"हो हो."
"विसरशील."
चिठ्ठी लिहून स्टिअरिंगवर चिकटवली तेव्हा कुठे
किल्ली दिली.

पुलाच्या वळणापर्यंत आवाज येत राहिला.
आम्ही दोघंही ऐकत होतो, कुठे अडखळतोय का.
मग बाबांनी चिरलेला जुना पाईप
धड बाजूने वीतभर कापला
आणि बादलीच्या तारेवर बसवला.
"उचल."
भरलेली होती. उचलली.
तार हाताला काचली नाही.
मिरचीच्या वाफ्यापर्यंत नेईस्तोवर
तळव्याला रबराचा वास लागला,
आणि रात्री जेवताना, साबणानंतरही,
होताच.